रॉबर्ट प्लांटच्या 'ललबाय अँड... द सीसलेस रोअर' या अल्बममध्ये लोकांना एवढं काय आवडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेड झेपेलिन, म्हणजे प्लांट ज्याचा गायक होता तो ब्रिटिश रॉक बँड, पाठ आहे, पण प्लांटचा हा एकट्याचा अल्बम दोनदा ऐकूनही हाती काही लागलं नाही. तो वरच्या पट्टीत जातच नाही. मग जुने चाहतेसुद्धा याची इतकी तारीफ का करतात? की नावाचा मान ठेवतात?

नावाचा मान ठेवायचा तर माणूस अल्बम एकदा ऐकतो आणि ठेवून देतो. हा सप्टेंबर २०१४ मध्ये आला तेव्हापासून मी ऐकतेय. इथे इंदुरात माझ्या ओळखीचे आणखी काही जण ऐकतात. त्यात झेपेलिनवर जीव टाकणारे आहेत आणि झेपेलिन कधी धड न ऐकलेलेही आहेत. प्रत्येकाला विचारलं तर कारण जवळपास एकच निघतं. सहासष्टाव्या वर्षी या माणसाने आपल्या गळ्यात आज काय आहे ते नेमकं ओळखलंय आणि त्या गळ्याच्या मापाने गाणी बांधली आहेत. विशीतल्या आवाजाची नक्कल त्यात कुठेही नाही.

झेपेलिनच्या 'इमिग्रंट साँग'मधली १९७० ची ती आरोळी ऐकून माझ्याही अंगावर अजून काटा येतो. पण ती त्या वयाची आणि त्या छातीची आरोळी होती. साठी ओलांडलेले बरेच रॉक गायक तीच जुनी गाणी दोन-तीन पट्ट्या खाली आणून गात राहतात, किंवा ताणून ताणून कार्यक्रम पार पाडतात. प्लांटने गाणीच बदलली. या अल्बममध्ये तो बहुतेक वेळ मध्य सप्तकात गातो, कित्येकदा कानाशी बोलल्यासारखा. आवाजात हवा मिसळलेली आहे. ओळ संपताना श्वास ऐकू येतो आणि तो मिक्समध्ये पुसून टाकलेला नाही. तुम्ही वरचा सूर कधी लागतो याची वाट पाहत बसलात तर पन्नासेक मिनिटं वाट पाहण्यातच जातील. त्याऐवजी तो ओळ कुठे सोडतो, कुठला शब्द अर्धवट ठेवतो, कुठे बाजूला सरून वाद्यांना पुढे येऊ देतो, तिकडे कान लावा.

माळव्यात राहणाऱ्यांना ही गोष्ट चटकन कळते, असं मला मनापासून वाटतं. इंदुराहून तास-दीड तासावर देवास आहे. कुमार गंधर्व १९४८ मध्ये तिथे राहायला आले ते क्षयाने आजारी असताना. काही वर्षं गाणं पूर्ण बंद होतं. बरे होऊन पुन्हा बैठकीला बसले तेव्हा एका फुप्फुसाचा आधार जवळजवळ गेलेला, पूर्वीचा दमसास राहिलेला नव्हता. त्यांनी लहान, टोकदार स्वरवाक्यांचं, मध्येच थांबणारं आणि थांबण्यालाही सुरात घेणारं गाणं उभं केलं. आजारपणात खिडकीबाहेरून कानावर पडलेल्या माळवी लोकगीतांमधून धुनउगम राग काढले, निर्गुणी भजनं मैफलीत आणली. मी या दोघांना एका पारड्यात घालत नाहीये. परंपरा वेगळ्या, साधना वेगळी, आणि कुमारजींवर ती पाळी ऐन तारुण्यात आली होती. पण शरीराने घातलेली अट मान्य करून तिच्यातूनच गाण्याची नवी रीत काढायची, आणि त्यासाठी लोकगीताकडे जायचं, हे ज्याने देवासच्या गाण्यात ऐकलंय त्याला प्लांट अनोळखी वाटत नाही. शिवाय इंदूर हे उस्ताद अमीर खाँसाहेबांचं गाव. झुमरा तालातला अतिविलंबित ख्याल ऐकत आलेल्या कानाला संथ गाणं रिकामं वाटत नाही.

प्लांट लोकसंगीताकडे म्हातारपणी वळला असं मात्र समजू नका. १९७२ मध्ये तो आणि झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज मुंबईत आले होते आणि तिथल्या वादकांना घेऊन त्यांनी झेपेलिनची 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ती मुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. १९९४ मध्ये हे दोघे पुन्हा एकत्र आले तेव्हा सोबत इजिप्शियन वादक होते आणि 'द बॅटल ऑफ एव्हरमोर'मध्ये नजमा अख्तर गायली होती. २००३ मध्ये तो मालीतल्या वाळवंटातल्या संगीत महोत्सवात गायला. मग २००७ मध्ये अमेरिकन गायिका अ‍ॅलिसन क्राउसबरोबरचा 'रेझिंग सँड' हा अल्बम, ज्याने पुढे अल्बम ऑफ द इयरसकट पाच ग्रॅमी मिळवले. त्याच वर्षी १० डिसेंबरला लंडनच्या ओटू अरीनात झेपेलिनचा एका रात्रीचा कार्यक्रम झाला. सगळ्या जगाला वाटत होतं आता दौरा निघणार. प्लांट तयार झाला नाही. किती पैसा आणि किती टाळ्या त्याने बाजूला ठेवल्या याचा विचार केला की मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो. तुम्ही ऐकताय तो अल्बम त्या नकारानंतरचा आहे, हे लक्षात असू द्या.

आता वाद्यवृंद, कारण अर्धा अल्बम त्यांचा आहे. नाव सेन्सेशनल स्पेस शिफ्टर्स. गिटारवर जस्टिन अ‍ॅडम्स, ज्याने तिनारिवेन या सहारातल्या तुआरेग मंडळींचे अल्बम निर्माता म्हणून केले आहेत. दुसरी गिटार आणि बँजो लिअम टायसनकडे. कीबोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक आवर्तनं जॉन बॅगटची. बासवर बिली फुलर, ड्रमवर डेव्ह स्मिथ. आणि गांबियाचा जुल्दे कमारा, जो रिटी वाजवतो. रिटी म्हणजे एकाच तारेचं, गजाने वाजवायचं वाद्य. आवाज खरखरीत, थोडा नाकातला, माणसाच्या रडण्याच्या फार जवळचा. रावणहत्था ऐकलेला असेल तर जातकुळी लगेच लक्षात येईल.

पहिलंच गाणं 'लिटल मॅगी' घ्या. हे अमेरिकेतल्या अ‍ॅपालेशियन डोंगरांतलं पारंपरिक गाणं, ब्लूग्रास या तिथल्या लोकसंगीताच्या प्रकारातल्या गायकांनी असंख्य वेळा गायलेलं. इथे बँजो सुरू होतो, तोपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे. मग खालून पश्चिम आफ्रिकेचा ठेका येतो, रिटी शिरते, शेवटाकडे यंत्रांचे आवाज मिसळतात, आणि प्लांट या सगळ्याच्या मधोमध शांतपणे गात राहतो. बँजोची मुळं आफ्रिकेतच आहेत. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर ते वाद्य अमेरिकेत गेलं. म्हणून या गाण्यात बँजो आणि रिटी शेजारी बसतात तेव्हा मला ते दूरच्या नातलगांना एका पंगतीत बसवल्यासारखं वाटतं. अल्बमचं शेवटचं गाणं 'अर्बादेन' याच गाण्याचं फुलानी भाषेतलं रूप आहे, कमाराच्या आवाजात. दोन्ही लागोपाठ लावून ऐका.

झेपेलिनवाल्यांनी सर्वांत आधी 'पॉकेटफुल ऑफ गोल्डन' ऐकावं असं मी सांगते. त्याची सुरुवात 'थँक यू' या झेपेलिनच्या १९६९ च्या गाण्याच्या सुरुवातीच्या शब्दांनीच होते. एकविशीच्या पोराने भरल्या गळ्याने दिलेलं वचन होतं ते. इथे तोच माणूस तेच शब्द हलकेच उच्चारतो आणि पुढे वेगळीकडे निघून जातो. तुम्हाला 'थँक यू' पाठ आहे, म्हणून हे तुमच्यापर्यंत इतरांपेक्षा जास्त पोहोचेल.

पण माझं सगळ्यात आवडतं 'एम्ब्रेस अनदर फॉल'. बराच वेळ गाणं दबक्या पावलांनी चालतं, उत्तर आफ्रिकेच्या छायेत. मग अचानक गिटारी फुटतात, झेपेलिनची आठवण व्हावी इतक्या जोराने, आणि ते वादळ ओसरल्यावर ज्युली मर्फी ही गायिका वेल्श भाषेत एका जुन्या शोकगीताच्या ओळी गाते. प्लांट त्या जागी पूर्ण गप्प आहे. आपल्याच अल्बमच्या सर्वांत नाजूक जागी दुसऱ्याला गाऊ द्यायचं! वेल्सशी त्याचं नातं जुनं आहे. १९७० मध्ये तो आणि पेज तिथल्या ब्रॉन-यर-ऑर नावाच्या झोपडीवजा घरात राहिले आणि 'लेड झेपेलिन थ्री'ची कितीतरी गाणी तिथे सुचली. या अल्बमच्या आधी तो काही काळ अमेरिकेत टेक्सासमध्ये राहत होता आणि हा अल्बम घरी परतल्यावरचा आहे. 'टर्न इट अप'मध्ये मिसिसिपीचे रस्ते आहेत, गाडीतला रेडिओ आहे, आणि परक्या मुलखात हरवल्याची अस्वस्थता आहे. त्याच्या शेजारी हे वेल्श शोकगीत ठेवलं की घराची ओढ म्हणजे काय ते न सांगता कळतं.

'अ स्टोलन किस'मध्ये जवळजवळ फक्त पियानो आणि आवाज आहे. रात्री उशिरा, रहदारी थांबल्यावर ऐका. गळ्यातली प्रत्येक सुरकुती ऐकू येते.

आमच्या ओळखीतल्या श्रोत्यांबद्दलही सांगते, कारण तुम्ही 'लोकांना' काय आवडतं असं विचारलंय. आमच्या रामबागेत एक काका तबला शिकवतात. इंग्रजी गाण्यांशी त्यांचा संबंध नाही. त्यांना मी 'रेनबो' ऐकवलं. त्यात बेंदीर वाजतं. ते उत्तर आफ्रिकेतलं डफासारखं वाद्य, पाठीमागे ताती लावलेल्या असतात म्हणून थापेबरोबर एक घरघर उमटते. काका पूर्ण गाणं मांडीवर ताल धरून बसले आणि म्हणाले, "ठेका वजनदार आहे गं, पण गाणाऱ्याच्या डोक्यावर बसत नाही. गाणाराही समेला धावून येत नाही, सावकाश येऊन टेकतो." इतकी अचूक दाद मला कुठल्या समीक्षेत वाचायला मिळालेली नाही. माझी मामेबहीण कॉलेजच्या बँडमध्ये गाते. तिने तर या अल्बमनंतर सगळी गाणी आपल्या पट्टीत बसवून घेतली, दुसऱ्यांच्या पट्टीत ओढाताण करणं सोडून दिलं. आणि पलासियात राहणारा माझा एक मित्र आहे, झेपेलिनचा निस्सीम भक्त, त्याची तक्रार तुमच्यासारखीच आहे: आवाज वाद्यांत बुडालाय. ते खरंही आहे. आवाज जाणून-बुजून आत ठेवलाय, निर्माता प्लांट स्वतःच आहे. मोबाइलच्या स्पीकरवर तो आवाज हरवतो आणि खालचे ठेके तर गायबच होतात. निदान बरे हेडफोन हवेत.

सगळीच गाणी तोलामोलाची आहेत असंही नाही. 'समबडी देअर' आणि 'हाउस ऑफ लव्ह' ही सरळसोट रॉक गाणी आहेत, ऐकायला बरी, पण बाकीच्यांच्या शेजारी फिकी पडतात. 'पुअर हॉवर्ड' लेड बेली या जुन्या अमेरिकन लोकगायकाच्या गाण्यावर आधारलेलं आहे, गमतीशीर चालीचं. ते मला कधी फार आवडतं, कधी नुसतं जाऊ देते. 'अप ऑन द हॉलो हिल' मात्र सोडू नका, त्यातला अंधार हळूहळू चढत जातो.

तुम्ही आता तिसऱ्यांदा ऐकणार असाल तर क्रम बदला. आधी 'पॉकेटफुल ऑफ गोल्डन', मग 'एम्ब्रेस अनदर फॉल', मग 'अ स्टोलन किस'. ही तीन मनात उतरली की दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये झेपेलिन लावू नका, त्या आवाजाने कान भरून गेले की हा आवाज आत यायला जागा उरत नाही. नाहीच आवडलं तर २००५ चा 'मायटी रीअरेंजर' ऐका, तो जास्त रांगडा आहे, त्यातही जस्टिन अ‍ॅडम्स आणि बॅगट आहेत, आणि तिथून इकडे येणं सोपं जातं. आवडलंच, तर पुढचा 'कॅरी फायर', २०१७ चा, यातल्या बहुतेक मंडळींबरोबर केलेला. त्यात क्रिसी हाइंड या रॉक गायिकेबरोबरचं एक गाणं आहे, आणि सुरुवातीच्या गाण्याचं नाव आहे 'द मे क्वीन'. झेपेलिन पाठ असलेल्या माणसाला ते नाव कुठे भेटलं होतं हे मी सांगायची गरज नाही.