पांढऱ्या पेशी वाढल्यात, कमी कशा करायच्या?

तीन दिवस ताप, घसा सुजलेला, डब्ल्यूबीसी म्हणजे पांढऱ्या रक्तपेशी 14,000, त्यातल्या न्यूट्रोफिल या प्रकारच्या 82 टक्के, आणि तुम्ही विचारताय की या पेशी कमी कशा करायच्या. अहो, त्या कमी करायच्याच नसतात! मोठ्या माणसात साधारण 4,000 ते 11,000 नॉर्मल धरतात, तुमच्या वाढल्यात कारण शरीराने जास्तीची कुमक मागवलीये.

न्यूट्रोफिल सगळ्यात आधी धावून जातात. बोनमॅरोत, म्हणजे हाडांतल्या मगजात, त्यांचा साठा तयारच असतो, घशात जंतू घुसले की तिथून केमिकल सिग्नल सुटतात, मग या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, बारीकशा फटीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि जंतूला अख्खा गिळून पोटातच मारतात. त्यात स्वतःही मरतात, फोडातला पू म्हणजे मुख्यतः याच मेलेल्या पेशी, मला हे कळलं तेव्हापासून पू बघून किळस वाटेनाशी झाली. मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने 1882 मध्ये स्टारफिशच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचून ठेवला, सकाळी बघतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा! त्यावरूनच हे गिळण्याचं काम लक्षात आलं.

लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं वेगळंय. बी पेशी अँटिबॉडी बनवतात, टी पेशी व्हायरस शिरलेल्या आपल्याच पेशींना मारतात, नवीन जंतू असेल तर यांना तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात पण एकदा ओळख पटली की विसरत नाहीत. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर 1846 ला गोवराची साथ आली, तेव्हा 1781 च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांना तो परत झाला नाही. मध्ये 65 वर्षं गेली होती!

म्हणून नुसता टोटल काउंट बघून घाबरू नका, खालचा डिफरन्शियल, म्हणजे कुठल्या प्रकारच्या पेशी किती टक्के, तो वाचा. न्यूट्रोफिल वाढलेत तर बॅक्टेरियाची शक्यता जास्त, लिम्फोसाइट वाढलेत तर बहुतेक व्हायरल, अर्थात हा ठोकताळा आहे, स्टेरॉइडच्या गोळ्यांनीसुद्धा न्यूट्रोफिल वाढतात, त्यामुळे चालू औषधं डॉक्टरांना नक्की सांगा. आणि रिपोर्ट बघून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका प्लीज.

मला खरी काळजी वाटते ती पेशी फार कमी असताना ताप आला तर. कॅन्सरसाठी केमो चालू असलेल्या माणसाला ताप आला तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठायचं, कारण लढायला पेशीच नसतात. तुमचा ताप उतरल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा सीबीसी, म्हणजे हीच रक्ततपासणी, परत करा, बरं वाटूनही काउंट चढाच राहिला तर मग पुढचा तपास.