निचऱ्याचा दर बदलत असताना औषधाची पातळी कशी काढावी?

प्रश्न : मी एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कार्बामाझेपिन या अपस्मारावरील औषधाची रक्तातील पातळी संगणकावर काढून पाहत आहे. हे औषध काही आठवड्यांत स्वतःचाच निचरा (शरीरातून बाहेर पडणे) वाढवते, म्हणून पाठ्यपुस्तकातील घातांकी सूत्रात (उरलेले औषध = सुरुवातीचे औषध × e^(−दर × काळ)) स्थिर दराच्या जागी मी काळानुसार बदलणारा दर घातला. परंतु दर बदलला की आलेख एकदम कोसळतो. दर कमी करून पाहिला, तर गोळी न देताच पातळी वर चढते. चूक कोठे होत असावी? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : चूक आपल्या आज्ञावलीत नसून सूत्रात आहे. गोळी न देता पातळी चढते ही विसंगती आपण हेरली, हे फार महत्त्वाचे आहे, कारण नुसता कोसळणारा आलेख पाहून पुष्कळ जण ‘निचरा वाढला असेल’ असे म्हणून पुढे जातात.

घातांकात ‘दर गुणिले काळ’ असे लिहिताना, पहिल्या क्षणापासून आतापर्यंत तोच एक दर चालू होता, असे आपण न बोलता मान्य केलेले असते. तेथे आजचा दर घातला की मागचे सगळे तासही आजच्याच दराने मोजले जातात. समजा, शरीरात १००० मिलिग्रॅम औषध आहे आणि पहिले ४८ तास दर ताशी ०.०२ (म्हणजे तासाला उरलेल्या औषधाचे सुमारे २ टक्के) आहे, तेव्हा सुमारे ३८३ मिलिग्रॅम उरते. त्याच क्षणी दर ०.०५ झाला, तर आपले सूत्र ९१ दाखवते. मधले २९२ मिलिग्रॅम क्षणार्धात कोठे गेले? दर ०.०५ वरून ०.०२ वर आणला, तर ९१ चे ३८३ होतात, म्हणजे कोणी न दिलेले औषध शरीरात येते. आपल्याला दिसले ते नेमके हेच.

घातांकात हवी ती प्रत्येक लहान कालखंडातील ‘दर गुणिले कालखंड’ या गुणाकारांची बेरीज. त्याहून सोपा आणि सुरक्षित मार्ग म्हणजे तयार सूत्र बाजूला ठेवून मूळ जमाखर्च लिहिणे : शरीरातील औषधात दर तासाला किती भर पडते आणि त्या तासाच्या दराने किती बाहेर जाते. हे डिफरन्शियल समीकरण संगणकाला पायरीपायरीने सोडवू द्यावे. हिशेब शरीरातील औषधाच्या एकूण मिलिग्रॅमचा ठेवावा आणि पातळी शेवटी आकारमानाने (औषध शरीरात जेवढ्या लिटरमध्ये पसरले असे मानतात, त्याने) भागून काढावी. पुढे आकारमानही बदलते धरायचे झाले, तर हीच सवय उपयोगी पडते.

आता आपल्याच औषधाकडे वळू. कार्बामाझेपिनच्या पहिल्या मात्रेनंतरचे अर्धायुष्य (औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ) २५ ते ६५ तास असते, तर नियमित सेवनानंतर ते १२ ते १७ तासांवर येते. औषधामुळे यकृतात सीवायपी ३ए४ हे, याच औषधाचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) अधिक तयार होऊ लागते, पण नवे विकर साठायला आणि जुने झिजायला दिवस लागतात. मात्रा स्थिर असेल, तर हा बदल पुरा व्हायला साधारण ३ ते ५ आठवडे जातात. म्हणून दर एका रात्रीत बदलू नये. सुरुवातीला ०.०२ आणि हळूहळू ०.०५ कडे जाणारा, सात दिवसांच्या कालस्थिरांकाचा (म्हणजे सात दिवसांत एकूण बदलाचा सुमारे ६३ टक्के भाग पुरा करणारा) वक्र पहिल्या प्रयत्नासाठी पुरेसा आहे. विकराच्या निर्मितीचे आणि झिजेचे वेगळे समीकरण लिहिणे अधिक चांगले, पण ते नंतर करावे.

दिवसाला ४०० मिलिग्रॅम, त्यातील ८० टक्के रक्तात पोहोचते आणि आकारमान ६० लिटर, असे धरून मी हिशेब केला. सोयीसाठी गोळ्यांऐवजी सतत झिरपणारा पुरवठा मानला. दर ०.०२ वरच राहिला असता, तर पातळी लिटरला ११ मिलिग्रॅमकडे गेली असती. बदलत्या दराने ती चौथ्या दिवसाच्या सुमारास ७ पर्यंत चढते आणि मग, पुरवठा तसाच असूनही, उतरत तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ४.६ वर येते. आधी चढ आणि मग सावकाश उतार, असाच आलेख आपल्याला दिसायला हवा.

गोळ्यांच्या वेळा घालाल तेव्हा प्रत्येक गोळीच्या क्षणी गणन थांबवून नव्याने सुरू करावे, कारण स्वतःची पायरी स्वतः ठरवणारी गणनपद्धती मधली गोळी ओलांडून पुढे जाऊ शकते. शिवाय दोन पडताळण्या कराव्यात. दर स्थिर ठेवला असता उत्तर जुन्या सूत्राशी जुळले पाहिजे. आणि रक्तात पोहोचलेले औषध हे शरीरात उरलेले अधिक बाहेर गेलेले एवढेच, प्रत्येक क्षणी, भरले पाहिजे. आपला पहिला आलेख या दुसऱ्या पडताळणीत लगेच सापडला असता.

प्रश्न : माझ्या भावाची याच औषधाची पातळी पहिल्या आठवड्याच्या शेवटी अधिक आणि महिन्याने कमी आली. तो गोळ्या चुकवतो, असा घरच्यांचा समज झाला आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : केवळ या दोन आकड्यांवरून तसे म्हणता येत नाही. एकही गोळी न चुकवता पातळी अशीच उतरू शकते, हे वरील हिशेबातून दिसतेच. पहिल्या आठवड्यातील पातळी निचरा वाढत असतानाची असते, त्यामुळे तिला कायमची मानू नये. सर्वसाधारणपणे लिटरला ४ ते १२ मिलिग्रॅम ही उपचाराची कक्षा मानतात. दोन्ही अहवाल, रक्त किती वाजता दिले आणि त्याआधीची गोळी केव्हा घेतली होती, या नोंदींसह डॉक्टरांना दाखवावेत. मधल्या काळात दुसरे एखादे औषध सुरू किंवा बंद झाले असेल, तर तेही सांगावे, कारण त्यानेही निचऱ्याचा दर बदलू शकतो. आणि भावाला घरात विचारायचेच असेल, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवून विचारावे.