ऑडिशनला येतेयस ना, मग आधी हे वाच

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला, दोनदा वाचला. नाटकात काम करायचंय, आपल्या संस्थेच्या ऑडिशनची जाहिरात बघितलीयस, पण "मावशी माझी भाषा गावाकडची आहे, ण आणि न चा घोळ होतो, सगळे सांगलीतले पोरं-पोरी बोलायला तयार असणार, मी तिथं काय करू" असं लिहिलंयस. बाकीचं नंतर बोलू, आधी हेच बोलूया, कारण अडलीयस ती इथेच.

तू ज्या गावात ऑडिशन द्यायला येणारेस ते गाव कुठलं आहे ते जरा बघ. 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथे सांगलीत सीतास्वयंवर केलं, म्हणून तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून करतो, हे तुला शाळेपासून माहितीय. पण त्या नाटकांत गद्य संवाद लिहिलेलेच नसायचे हे फारसं कुणी सांगत नाही. पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं प्रसंग समजून घेऊन आयत्या वेळी सुचेल तसं बोलायची. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे, म्हणजे पौराणिक नाटकं करणाऱ्यांचे, खेळ सांगलीत झाले, ते सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांना आवडले, असं काहीतरी मराठीत व्हावं असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ते काम भाव्यांवर सोपवलं, तिथून हे सगळं सुरू झालं. म्हणजे आपल्या रंगभूमीवरचे पहिले नट कुणी लिहून दिलेली छापील वाक्यं घोकून उभे राहिले नव्हते गं, समोर काय चाललंय ते बघून बोलत होते. ऑडिशनला आम्ही तुला एक प्रसंग देऊन "आता तुझ्या मनाने बोल" म्हणू ना, तेव्हा हे आठव आणि तोंडात येईल तसंच बोल. तुझ्या घरी तू "मी आलो, मी जेवलो" म्हणत असशील, आपल्याकडच्या कितीतरी बायका तसंच बोलतात, तर तसंच बोल. तिथे तू पुस्तकातली मराठी जुळवायला लागलीस की तुझं सगळं लक्ष व्याकरणात जातं आणि समोरच्या माणसाकडे बघायचंच राहतं, आणि आम्ही नेमकं तेच बघायला बसलेलो असतो.

आता यावरून ण-न कडे दुर्लक्ष केलं तरी चालतं असं मात्र धरू नकोस. चालत नाही. एखादी शहरातली प्राध्यापिका करायची झाली तर तिच्या तोंडी पानी शोभणार नाही, पाणीच यायला पाहिजे, आणि ते रियाजाने येतं, रोज दहा मिनिटं पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचलास तर दोन-अडीच महिन्यात तुझं तुलाच ऐकू येईल कुठे घसरतंय ते. भूमिकेला लागलं की ती भाषा नऊवारीसारखी नेसायची आणि काम झालं की सोडून ठेवायची. तुझी स्वतःची बोली त्यासाठी फेकून द्यायची गरज नाही, उलट ती टाकलीस तर मला फार वाईट वाटेल, कारण यंदा आम्हाला ती हवीच आहे.

सांगते का ते. यंदा तीन गोष्टी चालल्यात. राज्य नाट्य स्पर्धेच्या सांगली केंद्रासाठी दोन अंकी नाटक, एक एकांकिका, आणि मे महिन्याच्या सुट्टीत करायचं बालनाट्य. बालनाट्यात मोठ्यांना कामं कमी आहेत, एकांकिकेत चारच पात्रं आणि त्यातली दोन जवळजवळ ठरलेली, हे तुला आधीच सांगून ठेवते. खरी माणसं हवीयत ती दोन अंकीला. नवीन संहिता आहे, आपल्यातल्याच एकाने लिहिलेली, 2019 च्या पुराची. सांगलीवाडीतलं एक घर, घर सोडायला तयार नसलेली आजी, थोरली सून, पुण्यातून सारखा फोन करणारा मुलगा, बोटीवाले, आणि एक शेजारीण. तो पुण्यातला मुलगा सोडला तर सगळी आपल्याकडचंच बोलतात. आणि पुण्या-मुंबईच्या नाटकांत आपली बोली ज्या पद्धतीने येते, हशा काढायला, नोकराच्या नाहीतर गावंढळ पात्राच्या तोंडी, तशी ती या नाटकात नाही. आजी रडते ती याच भाषेत आणि सून भांडते तीही याच भाषेत. आता ही भाषा कोण बोलणार, जिने ती फक्त नकलेत ऐकलीय ती का तू?

त्या शेजारणीकडे नीट बघ. तीनच एन्ट्र्या आहेत तिला, पानं मोजलीस तर वाटेल काहीच काम नाही. पण दुसऱ्या अंकात ती आत येते आणि म्हणते, "अठ्ठेचाळीस झालं ओ आजी." बास, एवढंच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 45 फूट म्हणजे धोक्याची पातळी, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 च्या वर गेलं होतं, हे आपल्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागत नाही, आकडा ऐकला की अख्ख्या थिएटरच्या पोटात गोळा येतो. हे वाक्य कसं म्हणायचं? वाचनाला आलेल्या बहुतेक जणी ते ओरडून म्हणतात, धावत येऊन, छातीवर हात ठेवून. मला ते पटत नाही. आठवून बघ, त्या दिवसांत लोक आकडे कसे सांगायचे, गॅसची टाकी वरच्या मजल्यावर चढवता चढवता, कपाटातली कागदपत्रं शोधता शोधता, मान वर न करता सांगायचे. हातात काम असतं आणि तोंडातून आकडा येतो. ही बाई पण काहीतरी घेऊन आली असणार ना त्या घरात, काय घेऊन आली, कुठे ठेवते, हे तू ठरव, म्हणजे वाक्य आपोआप नीट पडेल.

ऑडिशनला काय करायचं असं तू विचारलंयस, तर यूट्यूबवरून पाठ केलेलं लांबलचक स्वगत घेऊन येऊ नकोस. दरवर्षी येतात असे, आणि सगळ्यांचे हुंदके एकाच ठिकाणी असतात. आम्ही तुला तिथेच दोन पानं देऊ आणि वाचायला पाच मिनिटं देऊ. ती पाच मिनिटं फक्त आपली वाक्यं हायलाइट करण्यात घालवू नकोस, दोन्ही पानं पूर्ण वाच, समोरच्याची वाक्यं तर जास्त लक्ष देऊन वाच. मी कोणाशी बोलतेय, मला त्याच्याकडून काय पाहिजे, आणि आत यायच्या आधी मी कुठे होते, एवढं कळलं तरी खूप झालं. मग वाचताना समोरचा बोलत असेल तेव्हा नजर कागदावरून उचलून त्याच्याकडे बघ. बहुतेक सगळे त्या वेळात आपलं पुढचं वाक्य शोधत असतात. चुकलं, अडखळलं, तर सॉरी म्हणून पहिल्यापासून सुरू करायचं नाही, तसंच पुढे जायचं. आणि एकदा वाचून झालं की दिग्दर्शक म्हणेल आता हेच जरा चिडून वाच किंवा हसत वाच, तेव्हा बावचळू नकोस, पहिलं वाईट झालं म्हणून तो तसं म्हणत नसतो, सांगितलेलं तू किती पटकन घेतेस ते त्याला बघायचं असतं, हौशी नाटकात तालमीला दिवस कमी असतात त्यामुळे आम्हाला हे फार महत्त्वाचं.

अजून एक, आणि हे आजपासून करता येईल असं आहे. वाक्याचा शेवट खाऊ नकोस. तुझ्या व्हॉइस मेसेजमध्ये मला ते जाणवलं, सुरुवात खणखणीत आणि शेवटी आवाज खाली खाली जातो, श्वास संपतो. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी, आणि "नाही" हा शब्द तर त्याच्याही शेवटी. "मी तिला घरात घेतलं नाही" यातलं "नाही" गिळलंस तर भावे नाट्यमंदिरच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला "घेतलं" एवढंच ऐकू जातं, आणि तिथून पुढचं अख्खं नाटक त्याच्यासाठी उलटं. ण चा न झाला तरी लोकांना अर्थ कळतो गं, शेवट गेला की काहीच कळत नाही. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांना आपण नाटककार म्हणून ओळखतो, पण ते किर्लोस्कर नाटक मंडळीत तालीममास्तर होते, नटांना उभं करून वाक्य वाक्य शिकवणारे, तेव्हा बोलणं घोटून घ्यायची ही रीत आपल्याच मातीतली आहे. गच्चीवर जा, बहिणीला दुसऱ्या टोकाला उभं कर, पेपर वाच, आणि तिला प्रत्येक वाक्यातला फक्त शेवटचा शब्द परत म्हणायला सांग. तिला सांगता आला नाही तर ते वाक्य परत. ओरडायचं नाही हं, श्वास पुरवायचा.

आता तालमींचं. रोज संध्याकाळी साडेसात ते दहा, दोन महिने, शेवटच्या आठवड्यात रात्रीचे बारा पण होतात, आणि रंगीत तालमीच्या दिवशी तर घड्याळ बघायचंच नसतं. फॉर्मवर वेळेचा रकाना आहे तिथे खरं लिही. तुझी मिरजेतली ड्यूटी बदलती असते हे मला माहितीय, तर आठवड्यातले कुठले दिवस नक्की जमणार नाहीत ते आत्ताच सांग, आम्ही प्रवेश त्याप्रमाणे लावू शकतो, शेजारणीसारख्या कामाला तर सहज जमतं. भूमिका जाईल या भीतीने सगळं जमेल असं लिहायचं आणि मग तिसऱ्या आठवड्यापासून फोन उचलायचा नाही, याने एका माणसाचं नुकसान होत नाही, समोरच्याची तालीमच होत नाही. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यायचं, लेखकाचं संमतीपत्र, नेपथ्य, भाड्याचे लाइट्स, हे सगळं एवढं धावपळीचं असतं की माणसं वेळेवर असणं हेच आमचं भांडवल.

घरी आईबाबांना तू अजून सांगितलं नाहीयेस असं वाटतंय मला मेसेजवरून. सांग. लपवून तालीम होत नाही, आणि रात्री बुधगावला एकटीने परत जायचा प्रश्न आहे, त्याची सोय संस्था करते, माधवनगर-बुधगावकडे जाणारे आपले दोघं-तिघं आहेत, पण आईला माझ्याशी बोलायचं असेल तर फोन कर म्हणावं, मी स्वतः येऊन भेटेन. आणि हे नीट लक्षात ठेव, इथेच नाही तर कुठेही. भूमिकेसाठी कुणी पैसे मागितले तर ती ऑडिशन नाही. हॉटेलच्या खोलीवर, एकटीला, रात्री बोलावलं तर ती पण ऑडिशन नाही. कितीही मोठं नाव सांगू दे, सरळ नाही म्हणायचं आणि घरी सांगायचं. आपल्याकडे वाचन हॉलमध्ये, दारं उघडी, सगळ्यांसमोर असतं, आणि मी असतेच. मानधन नाही मिळत आपल्याकडे, चहा आणि भडंग मिळतं, प्रवासखर्च जमेल तसा देतो.

निवड झाली नाही तर काय, असंही मनात असेल. होऊ शकतं. कारणं कधीकधी अगदी साधी असतात, सुनेपेक्षा शेजारीण उंच दिसते, दोघींचे आवाज एकाच पट्टीतले आहेत आणि कान कंटाळतो, असं काहीही. त्याचा तुझ्या अभिनयाशी संबंध असेलच असं नाही. तसं झालं आणि आम्ही तुला प्रॉम्प्टिंगला, म्हणजे नट अडला की विंगेतून वाक्य सांगायला, बसायला विचारलं तर हो म्हण, मनापासून सांगते. प्रॉम्प्टर अख्खं नाटक रोज ऐकतो, कुठल्या वाक्यावर कोण अडतं, दिग्दर्शक काय बदलतो आणि का बदलतो हे सगळं त्याच्या कानावरून जातं. आपल्याकडच्या आत्ताच्या चांगल्या नट्यांतल्या दोघी प्रॉम्प्टिंगमधूनच पुढे आल्यात. स्पर्धेत अभिनयाचं रौप्यपदक असतं तसं नेपथ्याला, प्रकाशयोजनेला, रंगभूषेलाही बक्षीस असतं, विंगेत उभ्या राहिलेल्या माणसाशिवाय पडदा वर जात नाही.

रविवारी सकाळी दहाला वाचन आहे, तू साडेनऊला ये म्हणजे गर्दीच्या आधी हॉलमध्ये एक चक्कर मारता येईल, आवाज कसा घुमतो ते कळेल. जमिनीवर बसता-उठता येईल असा ड्रेस घाल, ओढणी बांधून ठेव. पेन नको, पेन्सिल आण, कारण हालचाली रोज बदलतात आणि खोडाव्या लागतात. पोर्टफोलिओचे फोटो वगैरे काही नको. थंड पाणी पिऊ नकोस सकाळी. आणि फॉर्मवर शेवटी एक रकाना आहे, आणखी काय येतं असा, तो रिकामा सोडू नकोस. तू शिवणाच्या मशिनवर बसतेस ना, ते लिही, भूमिका मिळो न मिळो, वेशभूषेला यंदा आपल्याकडे कुणीच नाहीये आणि आजीची जुनी लुगडी उसवून परत शिवायचीयत. वेळेचं तेवढं बुधवारपर्यंत कळव.

तुझी,
मावशी