मलिद्याच्या ताटाबद्दल

प्रिय शीरा,

परवा तू आपल्या मलिद्याबद्दल, म्हणजे आभार मानायला मांडतो त्या गोड पोह्यांच्या नि फळांच्या ताटाबद्दल विचारलंस, "आई, वर्गातली मुलं म्हणतात तुमचा मलिदा हिंदूंच्या प्रसादासारखा दिसतो. मग आपण खरे यहुदी ना?" मला ते लागलं, बाळा. बेने इस्रायल, म्हणजे आपण कोकणातून आलेले यहुदी, सर्व बाबतींत यहुदी आहेत असं इथल्या, इस्रायलच्या सरकारने १९६४ सालीच जाहीर केलं होतं. तरी तो प्रश्न तुझ्यापर्यंत आलाच.

दिसतो तसा, हे मी नाकारत नाही. पोहे, ओलं खोबरं, वेलची हे कोकणातलंच. पण ताटापुढे आपण एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलियाहू प्रेषिताचं गाणं म्हणतो, आणि आशीर्वाद सगळे हिब्रूत. खजुरावर 'हाएत्स', म्हणजे झाडाच्या फळाचा आशीर्वाद, केळ्यावर मात्र 'हाअदामा', म्हणजे जमिनीतून येणाऱ्याचा, कारण केळीचं खोड एकदा घड देऊन मरतं, ते झाड धरत नाहीत. आजीचा यावर फार कटाक्ष असायचा. अलिबागजवळच्या नवगावला आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं तेव्हा वाचलेल्यांना एलियाहूने शुद्धीवर आणलं, अशी आपली परंपरा सांगते. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. 'तू बिश्वात' या झाडांच्या सणाला तिथे लोक जातात ते म्हणूनच. तो आपला एलियाहू हन्नाबीचा उरूस. हा 'उरूस' शब्दही शेजाऱ्यांकडूनच आलेला. त्याने सण कमी यहुदी होतो असं मला वाटत नाही. कधीकधी शंका येते, तीही खरी.

करायचाच झाला तर अर्धा किलो जाडे पोहे चाळणीत धुवून पंधरा मिनिटं झाकून ठेव. भिजत घालू नकोस, लगदा होतो. एका नारळाचा चव, वेलची, बेदाणे, बदाम-पिस्त्याचे काप. इथलं फ्रीजरमधलं खोबरं पूर्ण वितळवून पाणी दाबून काढ. सुकं खोबरं नको, पोहे घशाला लागतात. दीड वाटी साखर अगदी शेवटी, गाणं सुरू व्हायच्या थोडं आधी. लवकर घातली तर पाणी सुटतं. मधोमध पोह्यांचा ढीग, भोवती पाच फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. आपल्यात मटणाबरोबर दुधाचं काही खात नाहीत; यात दूध-तूप काहीच नाही, म्हणून मटणाच्या जेवणालाही चालतो.

मैत्रिणींना बोलवायचं की नाही ते तू ठरव. पोहे वरच्या कपाटात, डाव्या बाजूला आहेत.

तुझी आई