परिशिष्टात कोण?

नागपूर, वैशाखातली दुपार

बेटा, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. या उन्हात कूलरमध्ये पाणी भरण्यापलीकडे हातून काही होत नाही, म्हणून उत्तराला उशीर. मेटलर्जी शिकून विदर्भातल्या महापाषाणीय, म्हणजे मोठाले दगड रचून दफनं करणाऱ्या प्राचीन लोकांच्या, लोखंडावर पीएचडी करायची म्हणतेस. पुरातत्त्ववाले म्हणतात तू धातूवाली, धातूवाले म्हणतात हे इतिहासाचं काम. मग बसायचं कोणाच्या ओसरीवर?

विषयाला नाव काय द्यायचं, यावर रात्री घालवू नकोस. नाव मिळणं सोपं असतं. ऑक्सफर्डमध्ये १९५५ साली पुरातत्त्वासाठी वेगळी प्रयोगशाळा निघाली. १९५८ साली तिचं वार्तापत्र सुरू झालं, त्याचं नाव 'आर्किओमेट्री', आणि जुन्या वस्तू प्रयोगशाळेत तपासायच्या या अख्ख्या विषयाला पुढे तेच नाव चिकटलं. खोली, नियतकालिक, मग परिषदा, असा हा रस्ता. अडतं ते पुढे, नोकरीच्या जाहिरातीपाशी. तिथे अजून जुन्याच विषयांची नावं छापतात. मानसन्मानाचंही तेच. जुन्या अवशेषांचं वय काढायच्या कार्बन-१४ पद्धतीमुळे प्रागितिहासाची कालगणना उलटीपालटी झाली, पण ती पद्धत काढणाऱ्या लिबींना १९६० साली नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं. प्राचीन डीएनएवर आयुष्य घालवलेल्या पाबोंना २०२२ साली मिळालं ते वैद्यकाचं. पुरातत्त्वाचं नोबेलच नाही म्हणा. पण नवा विषय बराच काळ भाडेकरू असतो, आणि पाहुण्यांसमोर घरमालकाचंच नाव सांगावं लागतं, हे ध्यानात ठेव.

आता मला खरं सांगायचं आहे ते. अशा विषयात कोणाची पायरी कुठली, हे पदव्यांवरून कळत नाही. परिशिष्टात कोणाला टाकलंय ते बघ.

आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या, पेंच नदीकाठच्या नैकुंडला १९७८ ते ८० या काळात उत्खनन झालं, लोखंड गाळायची भट्टी सापडली. देव आणि जामखेडकरांचा अहवाल १९८२ साली निघाला, तो लायब्ररीत बसून वाच. मग त्या पिढीतले आणखी चार-पाच अहवाल काढ, कुठल्याही गावचे. आधी थर, मग खापरं, मणी, अवजारं. हाडं, दाणे, राख, धातू तपासणारी माणसं बहुधा अगदी शेवटी, लग्नाच्या पंगतीत वाजंत्री बसतात तशी. प्रश्न खोदणाऱ्याचा, यांनी फक्त आकडे द्यायचे.

आणि आज? यंत्रं महाग झाली, मोजक्या प्रयोगशाळांत एकवटली, आणि पंगत फिरली. प्राचीन डीएनएच्या पेपरांत लेखकांची नावं शंभरावर जातात. जागेचं वर्णन, दफन कसं होतं, कुठल्या थरात होतं, ज्याच्यासाठी कोणीतरी दोन-तीन हंगाम उन्हात काढले, ते बहुतेक वेळा पुरवणी फाइलमध्ये जातं. काल परिशिष्टात यंत्रवाला होता, आज खोदणारा आहे. तरी ठरवलं तर वेगळं जमतं. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन जागेवरच्या २०१९ सालच्या पेपरात पहिलं नाव वसंत शिंद्यांचं आहे, म्हणजे उत्खनन करणाऱ्याचं. तिथे ६१ नमुने तपासले आणि एकाच सांगाड्यातून कामाचा जीनोम, म्हणजे डीएनएचा आराखडा, मिळाला. वाया गेलेल्या त्या साठ नमुन्यांमागेही कोणाची तरी मेहनत होतीच.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. मी एकदा मळीची, म्हणजे लोखंड गाळल्यावर भट्टीत उरणाऱ्या स्लॅगची, पाच पाकिटं तपासायला बाहेरच्या एका प्रयोगशाळेत पाठवली होती. पत्रं लिहिली, आठवणी केल्या. दोन वर्षांनी छापील पेपरच हाती आला. माझं नाव ऋणनिर्देशात होतं, तेही चुकीच्या आडनावाने. फार दिवस तो राग बाळगला. मग एका रात्री स्वतःचा जुना लेख चाळताना दिसलं, की तो मळीचा ढीग ज्या गुराख्याने मला दाखवला, त्याच्याबद्दल मी लिहिलं होतं, 'स्थानिकांकडून मिळालेल्या माहितीनुसार'. त्याचं नाव मी विचारलंही नव्हतं.

समाजशास्त्रज्ञ मर्टन यांनी १९६८ साली दाखवून दिलं, की काम दोघांचं असलं तरी श्रेय आधीच नाव असलेल्याकडे वाहत जातं. त्या लेखातला बराच माल हॅरिएट झुकरमन यांनी घेतलेल्या मुलाखतींचा, आणि लेखावर नाव एकट्या मर्टनचं. लेख दोघांच्या नावे निघायला हवा होता, असं मर्टन यांनी १९७३ साली स्वतःच लिहिलं. या विषयावर लिहिणारा माणूसही सुटला नाही, तर आपण कोण!

तेव्हा तू काय करायचंस? नोंदणी मेटलर्जीतच कर. पोटापाण्याची पदवी ज्या घरची, त्या घराची किल्ली सोडायची नाही. पुरातत्त्वातला एक सहमार्गदर्शक घे आणि दोन हंगाम खंदकात बस. हातात ब्रश धरल्याशिवाय तुला प्रश्न सुचणार नाही, आणि प्रश्न तुझा नसला तर तू कायम दुसऱ्याची मायक्रोस्कोपवाली राहशील. कुऱ्हाडींच्या मागे लागू नकोस. त्या बहुतेक गंजून गेलेल्या असतात, आत धातूच उरत नाही, आणि कापायची परवानगी मिळता मिळत नाही. मळी घे. तिच्यावर कोणाची नजर नसते, आणि भट्टी किती तापली होती, लोखंड किती वाया गेलं, हे ती सांगते. आणि पहिला नमुना देण्या-घेण्याआधी, पेपरावर कोणाचं नाव कुठे येणार ते कागदावर लिहून घे. आपल्याकडे याला लोक कोतेपणा म्हणतात. म्हणू देत.

रविवारी सहाच्या आत ये. काटोल रोडने जुनापाणीची शिळावर्तुळं बघून येऊ, ऊन चढायच्या आत परतायचं. रिव्हेट-कारनॅक या इंग्रज साहेबांनी १८७९ साली त्यांच्यावर लिहिलं, पण वर्तुळं खोदायला कुदळी कोणी मारल्या, हे मला आजवर कुठे वाचायला मिळालेलं नाही. वही आण, पिशवी नको. संरक्षित जागा आहे, तिथला खडाही उचलायचा नाही.

तुझा,
सर