पाहुणे दारातूनच परततात : वेबसाइटविषयी तुमचे प्रश्न

प्रश्न : तारकर्लीत आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. वेबसाइटवर सरकत्या फोटोंची पट्टी आहे, ड्रोनचा व्हिडिओ आहे, मागे समुद्राची गाज वाजते. तरी लोक वीस सेकंदांत निघून जातात. काय कमी पडतंय?
– एक वाचक, तारकर्ली

उत्तर : कमी काही नाही, जास्त झालंय. आधी फोटोंचं वजन बघा. हल्लीच्या फोनने काढलेला एक फोटो सहज ३-४ एमबीचा असतो. असे सहा फोटो पट्टीत टाकले की वीस एमबी झाले. तुमचं पान उघडणारा माणूस अनेकदा कोकण रेल्वेत बसलेला असतो, आणि बोगदा आला की रेंज जाते. त्याला दिसतो तो पांढरा पडदा.

पट्टी काढून टाका. दुसरा-तिसरा फोटो येईपर्यंत फारसं कुणी थांबत नाही. तिच्या जागी एकच फोटो ठेवा, तोही शक्यतो खोलीचाच. समुद्र काय, सगळ्यांच्याच साइटवर असतो. रुंदी १६०० पिक्सेल, फोनसाठी ८०० पिक्सेलची वेगळी प्रत, वेबपी (फोटो हलका करणारा) फॉरमॅट, सेव्ह करताना क्वालिटी ७५च्या आसपास. एवढं केलं की फोटो बहुधा २०० केबीच्या आत बसतो. पानावरचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, हा गूगलचा निकष आहे. पेजस्पीड इन्साइट्स या गूगलच्या वेग तपासणाऱ्या साइटवर तुमचा पत्ता टाकून मोबाइलचा आकडा बघा, डेस्कटॉपचा नव्हे.

पानावर खाली असलेल्या फोटोंना लेझी लोडिंग लावा, म्हणजे तिथवर सरकल्यावरच ते उतरतात; पण पहिल्याला नको. ही चूक फार होते. सरसकट लावलं की सगळ्यात आधी हवा तोच फोटो उशिरा येतो. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहिलेली हवी. नाहीतर फोटो उतरताच मजकूर खाली ढकलला जातो आणि ‘फोन करा’वर टेकवलेलं बोट भलत्याच ठिकाणी पडतं. ड्रोनचा व्हिडिओ यूट्यूबवर असेल, तर तो न बघताही त्याचा प्लेअर पानासोबत उतरतो. तिथे नुसतं चित्र ठेवा, दाबल्यावरच प्लेअर येऊ दे. गाज मात्र पूर्ण काढा. बहुतेक ब्राउझर आपोआप आवाज वाजू देतच नाहीत, आणि जिथे वाजतो तिथे ऑफिसात चोरून सुट्टी ठरवणारा माणूस दचकून पान बंद करतो.

आता मजकूर. पहिल्याच पडद्यावर, बोट न सरकवता, खोलीचा दर, त्यात न्याहारी आहे का, किनारा चालत किती मिनिटांवर आणि व्हॉट्सॲपचं बटण एवढं दिसायला हवं. ‘दरासाठी संपर्क साधा’ वाचून गिऱ्हाईक शेजारच्याकडे जातं. पावसाळ्यात स्कूबा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा थाळीत काय मिळेल तेही स्पष्ट लिहा. सुरमईच्या आशेने आलेला पाहुणा सुक्या बांगड्यावर खूश होईलच असं नाही.

आणि वीस सेकंदांचं फार मनावर घेऊ नका. पंधराव्या सेकंदाला कुणी व्हॉट्सॲप केलं, तर साइटचं काम झालं. साइटवरच्या भेटी मोजणारं गूगल ॲनालिटिक्सही भेट दहा सेकंदांहून जास्त टिकली, किंवा दोन पानं पाहिली गेली, किंवा ठरवलेली महत्त्वाची कृती झाली, की तिला गुंतलेली भेट म्हणतं. त्यातलं एन्हान्स्ड मेझरमेंट हे सेटिंग चालू असेल, तर व्हॉट्सॲप लिंकवरचे टॅप आपोआप नोंदले जातात. फोनच्या बटणाचे नाहीत. त्यासाठी टॅग मॅनेजर या गूगलच्याच साधनात वेगळा ट्रिगर, म्हणजे ‘हे बटण दाबलं की नोंद कर’ असा नियम, लावावा लागतो.

प्रश्न : आम्ही देवगड हापूस थेट विकतो. लोक ऑर्डरचा फॉर्म उघडतात आणि अर्ध्यात सोडतात.
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : ‘आधी खातं उघडा’ ही पायरी असेल, तर ती काढा. नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड आणि पेटी, एवढं पुरतं. पिनकोड सगळ्यात वर घ्या आणि कुरिअरचा खर्च तिथेच दाखवा. शेवटच्या पानावर अचानक रक्कम वाढली की माणूस बिचकतो. मोबाइल आणि पिनकोडच्या रकान्यात आकड्यांचा कीबोर्ड उघडला पाहिजे. रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की आयफोन पान आपोआप मोठं करतो, उजवी बाजू पडद्याबाहेर जाते आणि पुढचं बटण सापडत नाही. फॉर्म आयफोनवरच अर्धवट सुटत असतील, तर हे आधी तपासा.

नुसतं ‘एक पेटी’ लिहू नका. चार डझनांची की पाच, फळ सुमारे किती ग्रॅमचं, माल कच्चा पाठवता की अढीतला, घरी पोचल्यावर किती दिवसांनी खाण्याजोगा होईल, हे पेटीच्या फोटोशेजारी हवं. २०१८मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आहे. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल, तर तो क्रमांक पैसे भरायच्या बटणाजवळ द्या. शंका तिथेच येते.

प्रश्न : मराठी मजकूर फोनवर तुटका दिसतो.
– एक वाचक, गुहागर

उत्तर : डिझायनरने इंग्रजीच्या सवयीने अक्षरांमधलं अंतर वाढवलं असेल, त्याने शिरोरेषा तुटते. ते शून्य करा. ओळींमधलं अंतर १.६ ते १.८ ठेवा, म्हणजे वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडत नाहीत. फॉन्ट युनिकोडच, म्हणजे सगळ्या फोनवर सारखा वाचता येणारा, हवा; ‘मुक्ता’ चालेल. छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला असेल, तर फोनवर नुसती चिन्हं उमटतात. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला; रूपांतरात ‘र्‍’ आणि रफार हमखास चुकतात.