टेलिग्राम चॅनल, सिनेमाचं वेड आणि एडिटिंगचं करिअर

बार्शीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. त्याचं टेलिग्रामवर सिनेमांचं चॅनल आहे. नवे मराठी-हिंदी सिनेमे तो तिथे टाकतो, जाहिरातींचे थोडे पैसे मिळतात, त्यातून गेल्या सेमिस्टरची फीही भरली. पुढे त्याला फिल्म एडिटर व्हायचंय. ‘सगळेच करतात, माझा नंबर कुणाला दिसत नाही, आणि आपल्याकडे मराठी सिनेमा टिकतो तरी किती दिवस?’ असं तो म्हणतो. आईंनी विचारलंय, हे त्याच्या करिअरच्या आड येईल का?

ताई, येईल. आणि इतर क्षेत्रांपेक्षा एडिटिंगमध्ये जरा जास्तच येईल.

एडिटरच्या खोलीत प्रदर्शनाला अजून काही महिने असलेला अख्खा सिनेमा हार्ड डिस्कवर पडलेला असतो. म्हणून चांगल्या स्टुडिओत एडिटच्या मशीनला इंटरनेट नसतं, मोबाईल बाहेर ठेवावा लागतो, पेनड्राइव्ह चालत नाही. संगीतकाराला किंवा डबिंगला जी प्रत जाते तिच्यावर ती कुणाला दिलीय त्याचं नाव ठसठशीत दिसत असतं. कामाला लागताना गोपनीयतेच्या करारावर सही घेतात. नवा असिस्टंट घेतात तोही बहुतेक वेळा कुणाच्या तरी शब्दावर. 2016 मध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी नेटवर फिरायला लागला, तेव्हा त्या प्रतीवर ‘फॉर सेन्सर’ अशी अक्षरं होती. असं काही झालं की प्रत ज्यांच्या हातून गेली त्या सगळ्यांवर संशय येतो. त्यात एकाच्या नावावर सिनेमे वाटायचं चॅनल निघालं, तर त्याने काही केलेलं नसलं तरी त्याची बाजू कोण घेणार? मराठीतली एडिटर मंडळी एकमेकांना ओळखून असतात. एकदा नाव खराब झालं की फोन यायचे थांबतात, कारणही कुणी सांगत नाही.

नंबर दिसत नाही, हा त्याचा भ्रम आहे. दिल्लीतल्या एका कोचिंग शिक्षिकेचे व्हिडिओ आणि नोट्स टेलिग्रामवर फुकट वाटले जात होते. ती कोर्टात गेली. ऑगस्ट 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या चॅनल चालवणाऱ्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीची ओळख) द्यायला टेलिग्रामला सांगितले, आणि टेलिग्रामने माहिती दिली.

कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. कमाईसाठी केलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. तुमच्या मुलाने जाहिरातींचे पैसे घेतलेत, म्हणजे ती सवलत त्याला मिळणं अवघड. शिवाय हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्येच स्पष्ट केलंय. घरी बसून एखादा सिनेमा उतरवणाऱ्याच्या दारात पोलीस सहसा येत नाहीत हे खरं, वाटणाऱ्याच्या येतात. उद्या एडिटिंग सोडून तो सरकारी नोकरीकडे वळला, तरी चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर गुन्हा दाखल आहे का हा रकाना असतोच.

आता त्याचं जे खरं आहे तेही मान्य करू. तालुक्याच्या गावी मराठी सिनेमा आठवडाभर टिकत नाही. प्रत्येक डाउनलोड म्हणजे एक बुडालेलं तिकीट, हा निर्मात्यांचा हिशोबही मला पटत नाही. फुकट बघणाऱ्यांतले बरेच जण मुळात तिकीट काढणारे नसतात. पण सिनेमा टिकत नाही त्याला हातभार कुणाचा? शुक्रवारी सिनेमा लागतो, पहिल्या शनिवार-रविवारचा गल्ला बघून थिएटरवाले पुढचे शो ठरवतात. नेमकी त्याच दोन दिवसांत चोरीची प्रत अशा चॅनलवर येते. मोठा हिंदी सिनेमा हे पचवतो. मोजके शो मिळालेल्या मराठी सिनेमाचे शो कापले जातात, आणि मग टीव्ही-ओटीटीच्या हक्कांची बोलणी करताना निर्मात्याला पडतं घ्यावं लागतं. हिरोचं मानधन बहुधा आधीच निघालेलं असतं. अडकतो तो एडिटरचा, साउंडवाल्याचा शेवटचा हप्ता. ज्या खुर्चीत त्याला बसायचंय, तिचेच पैसे बुडताहेत हे त्याला एकदा समोर बसवून सांगा.

चॅनलसंबंधी कुठली नोटीस किंवा फोन आलाय का, ते आधी विचारा. आला असेल तर त्याने काहीही डिलीट करू नये, स्वतः उत्तरही देऊ नये, वकील गाठा. आला नसेल तर जाहिराती आजच बंद, फाइली काढून चॅनलही बंद. सभासद बरेच आहेत म्हणून कुणी ते विकत मागेल. विकू देऊ नका, मित्राच्या हवालीही नको.

बी.सी.ए. मात्र पूर्ण करू दे. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटचा तीन वर्षांचा एडिटिंगचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे, प्रवेश परीक्षा असते आणि जागा मोजक्या. तोवर हात चालता ठेवायचा तर दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरेशी आहे. (त्याच्या लॅपटॉपवरचं एडिटिंग सॉफ्टवेअर क्रॅक, म्हणजे चोरीचं, तर नाही ना, हेही विचारा. असेल असं मला वाटतं.) गावातल्या फोटो स्टुडिओंना लग्नसराईत व्हिडिओ कापायला माणूस हवाच असतो. हळदीचं सहा तासांचं शूटिंग चार मिनिटांवर आणायचं, शिवाय एकही आत्या सुटता कामा नये, ही काही साधी परीक्षा नव्हे. त्यात पैसे मिळतील आणि दाखवायला स्वतःचं कामही होईल.

फीचं म्हणाल, तर कॉलेजच्या ऑफिसात जाऊन राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरची कुठली शिष्यवृत्ती त्याला लागू होते ते विचारा, आणि फी हप्त्याने भरण्यासाठी प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या. उत्पन्नाचा दाखला मिळायला वेळ लागतो, तो या आठवड्यातच काढायला टाका.